गोगलगायीच्या कल्ल्यापासून सुरू झालेला शोध

शिकताना मेंदूत नेमकं काय बदलतं, या प्रश्नापायी मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी आधी हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणीशी निगडित भागाच्या पेशी तपासल्या. विद्युत संकेत मिळाले, पण त्यांत शिकणं काही दिसेना. पेशींच्या त्या गर्दीत कोण कोणाशी जोडलंय, याचाच पत्ता लागत नव्हता. म्हणून 1962 साली ते पॅरिसला संशोधक लादिस्लाव टाउक यांच्याकडे गेले आणि अप्लिसिया ही समुद्री गोगलगाय हाती घेतली. अनेक सहकाऱ्यांना ही निवड पटली नाही. माझ्या मते पुढचं सगळं यश या निवडीतच होतं. या जिवात चेतापेशी जेमतेम 20 हजार. काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात एवढ्या मोठ्या, आणि तीच पेशी दुसऱ्या गोगलगायीतही त्याच जागी सापडते.

तिच्या सायफनवर, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीवर, पाण्याची बारीक चिळकांडी मारली की ती कल्ला झटकन आत ओढते. दहा-पंधरा वेळा मारा, तिला सवय होते आणि कल्ला जेमतेम हलतो. शेपटीला विजेचा झटका द्या, मग साध्या स्पर्शानेही तो जोरात आखडतो.

सवय होते तेव्हा कमी काय पडतं? इथे बर्नार्ड कॅट्झ यांचं काम उपयोगी पडलं. न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे एका चेतापेशीकडून पुढच्या पेशीकडे निरोप नेणारं रसायन, सुटा ओघळत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी बाहेर पडतो, हे त्यांनी 1950च्या दशकात बेडकाच्या स्नायूंवर दाखवलं होतं. 1974 मध्ये व्हिन्सेंट कॅस्टेलुची आणि कँडेल यांनी अप्लिसियात याच पुड्या मोजल्या. घेणारी पेशी पूर्वीइतकीच संवेदनशील होती; देणारी पेशीच कमी पुड्या सोडत होती. झटक्यानंतर उलटं घडतं. सेरोटोनिन या निरोप्या रसायनामुळे स्पर्श टिपणाऱ्या संवेदी पेशीत चक्रीय एएमपी हा पेशीतल्या पेशीत संदेश नेणारा रेणू वाढतो, पोटॅशियमच्या काही वाहिन्या बंद होतात, विद्युत संकेत लांबतो, कॅल्शियम जास्त आत येतं आणि पुड्या जास्त सुटतात. आठवणीचा एक अंश असा मोजण्याच्या आवाक्यात आला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

एका झटक्याचा हा परिणाम काही मिनिटांचा. झटके पुनःपुन्हा दिले तर तो कित्येक दिवस टिकतो आणि त्यासाठी नवी प्रथिनं लागतात. 2000 साली कँडेल यांना आर्विड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासह नोबेल मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, 1988 मध्ये, क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी संवेदी पेशींची पुढच्या पेशींना जोडणारी टोकं मोजली होती. पुनःपुन्हा झटके देऊन शिकवलेल्या गोगलगायींत ती जवळपास दुप्पट झाली होती. दीर्घकाळ सवय झालेल्यांत मात्र घटली होती.