पार्श्वभूमी : कवळीचे जंतुनाशन आणि एका शब्दाचा घोळ

कवळीसाठी तोंडात घेतलेले माप, म्हणजे दात-हिरड्यांचा ठसा, नळाखाली धरले, लाळ निघाली की कवळी बनवणाऱ्या लॅबच्या डब्यात टाकले. 1980च्या आधी बहुतेक ठिकाणी एवढेच होत असे. हिपॅटायटिस बी दातांच्या डॉक्टरांना नवा नव्हता, पण सवयी बदलल्या एड्सच्या भीतीने. 1986मध्ये अमेरिकेतल्या सरकारी रोगनियंत्रण यंत्रणेने मापे आणि कवळ्या लॅबमध्ये हाताळण्याआधी धुऊन जंतुनाशकातून काढायला सांगितले. 1990मध्ये फ्लोरिडातल्या दातांच्या एका डॉक्टरकडून रुग्णाला एचआयव्ही लागल्याचे पुढे आले, आणि मग सूचना काटेकोर झाल्या. गंमत अशी की, दूषित सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी लागण्याची 6 ते 30 टक्के. भीती मात्र उलट क्रमाने पसरली.

खरा घोळ शब्दाचा आहे. मराठीत आपण सगळ्यालाच ‘निर्जंतुकीकरण’ म्हणतो. निर्जंतुक म्हणजे जंतूंच्या चिवट बीजाणूंसकट सगळे मेलेले. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात होते, 121 अंशांवर किमान 15 मिनिटे. अ‍ॅक्रिलिकची कवळी तिथे ठेवली तर वाकडी होते, तोंडात बसत नाही. म्हणून कवळीचे होते ते जंतुनाशन, आणि त्यालाही पायऱ्या आहेत. 1960च्या दशकात रुळलेल्या वर्गवारीप्रमाणे श्लेष्मल त्वचेला (तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तराला) लागणारी वस्तू उष्णता सोसत नसेल, तर तिला वरच्या पायरीचे जंतुनाशन हवे. म्हणजे 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडसारखे द्रावण. पण ते अ‍ॅक्रिलिकमध्ये मुरते आणि हिरडीची आग करते. 2003च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी किमान मधली पायरी पुरेशी मानली : क्षयाचे जंतू मारणारे द्रावण. वर्गवारीशी हे काटेकोर जुळत नाही, यावर आजही वाद होतो. व्यवहारात दुसरा मार्ग फारसा नव्हता. क्षयरोगाचा संबंध कवळीशी जोडू नये. त्या जंतूचे मेणचट कवच भेदणारे द्रावण हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही सहज मारते, म्हणून तो मापदंड.

रोजच्या कामात सोडियम हायपोक्लोराइट सर्वांत स्वस्त. 5 टक्क्यांच्या बाटलीतले 100 मिली आणि पाणी 900 मिली, म्हणजे 0.5 टक्के. बाटली 10 टक्क्यांची असेल तर 50 मिली आणि 950 मिली. लेबल न वाचता ‘एकास नऊ’ करणारे इथेच चुकतात. द्रावण रोज ताजे करायचे. आधी लाळ-रक्त ब्रशने धुवायचे, कारण प्रथिनांत क्लोरीन वाया जाते; मग 10 मिनिटे द्रावणात, मग भरपूर पाणी. कवळीतल्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या सांगाड्याला हायपोक्लोराइटने गंज चढतो, तिथे आयोडोफोर (आयोडीनचे द्रावण) किंवा उत्पादकाने सांगितलेले द्रावण. मापाचे पदार्थही वेगवेगळे. अल्जिनेटचे माप बुडवून ठेवले तर पाणी पिऊन फुगते; त्यावर फवारा मारून प्लॅस्टिकच्या पिशवीत 10 मिनिटे बंद ठेवतात. अ‍ॅडिशन सिलिकोनचे माप बुडवले तरी बिघडत नाही. पॉलिइथरचे माप पाणी शोषते, त्याला 10 मिनिटांच्या वर ठेवू नये.

जंतुनाशन कोणी करायचे, डॉक्टरने की लॅबने, हे अनेक ठिकाणी अजून तोंडी ठरते. डब्यावर ‘द्रावण अमुक, वेळ अमुक’ अशी चिठ्ठी नसेल, तर लॅबवाला पुन्हा बुडवतो आणि माप दुसऱ्यांदा बिघडते.

लॅबमधली दुर्लक्षित जागा म्हणजे प्यूमिसचे, म्हणजे पॉलिशच्या दगडी भुकटीचे भांडे. दुरुस्तीला आलेली जुनी कवळी आणि नवी कवळी एकाच ओल्या भुकटीत, एकाच कापडी चाकावर पॉलिश होतात. एकाच्या तोंडातले जंतू दुसऱ्याच्या कवळीवर जायला एवढे पुरे. प्रत्येक कामाला वेगळी भुकटी घेऊन उरलेली टाकून द्यायची, चाक धुऊन ऑटोक्लेव्ह करायचे. तयार कवळी तोंडात जाण्याआधी पुन्हा जंतुनाशकातून काढून धुवायची आणि साध्या पाण्यात द्यायची, जंतुनाशकात नव्हे. आता स्कॅनरने माप घेतले जाते, त्यामुळे बुडवण्याची भानगड कमी झाली. पण थ्रीडी प्रिंटरवर छापलेली कवळीही शेवटी त्याच चाकावर येते.