ध्वनि-अवधान चाचणी व स्किझोफ्रेनियातील मेंदूलहरी

स्किझोफ्रेनियात (छिन्नमनस्कतेत) कान शाबूत असतात. गडबड होते ती कानावर पडलेल्यातून नेमके काय टिपायचे, हे ठरवण्यात. ही निवड चालू असतानाच्या मेंदूच्या विद्युतलहरी ईईजीवर, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून काढलेल्या आलेखावर, नोंदवता येतात.

सर्वांत रुळलेली चाचणी दिसायला अगदी साधी आहे. हेडफोनमधून एकाच पट्टीचा आवाज पुन्हा पुन्हा वाजतो आणि मधूनच, साधारण पाचांत एकदा, वरच्या पट्टीचा येतो. तो आला की बटण दाबायचे. अशा वेगळ्या आवाजानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या वरच्या-मागच्या भागावर एक धन लहर उठते. तिला पी-३०० म्हणतात. सॅम्युएल सटन व सहकाऱ्यांनी ती १९६५ मध्ये नोंदवली. तिची उंची जेमतेम काही मायक्रोव्होल्ट, त्यामुळे एकाच आवाजाच्या नोंदीत ती हाती लागत नाही. अनेक नोंदींची सरासरी काढावी लागते. स्किझोफ्रेनियात ही उंची कमी भरते, हे १९७२ पासून वारंवार दिसून आले आहे. रुग्णांच्या निरोगी सख्ख्या नातेवाइकांतही ती काहीशी कमी आढळते.

रुग्ण मन लावून ऐकत नसेल, म्हणून लहर लहान येत असेल, ही शंका रास्त आहे. पण लक्षाची गरजच नसलेली आणखी एक लहर आहे. चवथीच्या आरतीत घुमटाचा (गोव्यातील मातीच्या तालवाद्याचा) ठेका चुकला, तर गप्पांत रंगलेल्याच्याही कानाला ते खटकते. तसाच बदल मेंदू आपसूक टिपतो, तेव्हा १०० ते २५० मिलिसेकंदांदरम्यान एक ऋण लहर उमटते. तिचे संक्षिप्त नाव एमएमएन (मिसमॅच निगेटिव्हिटी). फिनलंडच्या रिस्टो नॅटॅनेन यांनी ती १९७८ मध्ये मांडली. ही नोंदताना व्यक्तीला मूकपट बघत बसायला सांगतात. स्किझोफ्रेनियात तीही खुजी असते, म्हणजे सगळा दोष रुग्णाच्या आळसावर ढकलता येत नाही. निरोगी माणसाला केटामाइन हे भुलीचे औषध दिल्यावरही एमएमएन घटते. हे औषध ग्लुटामेट या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे एनएमडीए ग्राही अडवते, त्यावरून संशय त्या ग्राहींवर जातो. सेकंदाला ४० वेळा ठोके देणाऱ्या आवाजाला मेंदूने धरलेला त्याच वेगाचा ताल (गॅमा ताल) या आजारात क्षीण असतो, हे १९९९ मध्ये पुढे आले.

नोंद घेणे कटकटीचे असते. पापणी लवली, दात आवळले, तरी आलेख बिघडतो. गोव्यात खोबरेल चोपडलेले केस ही तंत्रज्ञाची नेहमीची डोकेदुखी, कारण तेलाने इलेक्ट्रोडचा त्वचेशी संपर्क नीट होत नाही. आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता यावे लागते.

‘ईईजी काढला की आजार कळेल’ ही घरच्यांची अपेक्षा मात्र फोल आहे. पी-३०० वयानुसार, स्मृतिभ्रंशात आणि दारूच्या व्यसनातही घटते. गोव्यातील बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था असो वा अन्य कोणतेही रुग्णालय, निदान होते ते रुग्णाशी व घरच्यांशी बोलून, लक्षणे किती काळ टिकली ते पाहून. मनोरुग्णाला साधा ईईजी सांगितला जातो, तो बहुधा अपस्मारासारखे दुसरे कारण नाही ना, याची खात्री करण्यासाठी.