काळा जग्वार ही वेगळी जात नाही

ॲमेझॉनच्या जंगलात ‘ब्लॅक पँथर’ नावाची, जग्वार या बिबट्यासारख्या ठिपकेदार प्राण्यापेक्षा वेगळी आणि जास्त क्रूर जात राहते, असा मजकूर वर्षानुवर्षे फोटोंसकट फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे. काळा जग्वार हा जग्वारच. अंगावर तिरकं ऊन पडलं की काळ्या केसांतूनही वर्तुळांची नक्षी दिसते, आणि जग्वारची खूण असलेले वर्तुळांतले बारीक ठिपकेसुद्धा.

हा रंग एमसी१आर या जनुकातल्या बदलामुळे येतो. जग्वारमध्ये हा बदल प्रभावी असतो, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी रंग दिसतो; त्यामुळे नर-मादीपैकी एक तरी काळा असल्याशिवाय पिल्लू काळं होत नाही. एकाच वेतात काळं आणि ठिपकेदार अशी सख्खी भावंडं जन्मतात. मग जात वेगळी कशी? आपल्या ताडोबातल्या काळ्या बिबट्याचं गणित उलटं आहे. बिबट्यात हे जनुक दुसरं आणि अप्रभावी, म्हणून दोन ठिपकेदार बिबट्यांच्या पोटीही काळं पिल्लू येऊ शकतं.

सुमारे 10 टक्के जग्वार काळे असतात. घनदाट जंगलात ते जास्त, दक्षिण अमेरिकेतल्या पंतनालच्या मोकळ्या पाणथळीत जवळपास नाहीतच.

क्रौर्याची गोष्ट तर मला धोकादायकच वाटते. जग्वार माणसावर क्वचितच हल्ला करतो. उलट गुरं मारली म्हणून तोच गोळीला बळी पडतो. कातड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1975 मध्ये बंदी आली, पण जंगलतोड थांबलेली नाही. जग्वारचा निम्म्याच्या आसपास मूळ अधिवास आज संपला आहे.