उखडलेला दगड कुणी बसवायचा? मिश्र वापराच्या संकुलांतील फरसबंदीची पार्श्वभूमी

खाली दुकाने, मधल्या मजल्यांवर कचेऱ्या, वर घरे आणि पोटात वाहनतळ. अशा संकुलाच्या अंगणाला काय घालायचे याची चर्चा बहुतेक वेळा रंगापासून सुरू होते. ग्रॅनाइट की काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक, राखाडी की लालसर, हे तासन्‌तास ठरत राहते. त्याच जमिनीवरून पहाटे कचऱ्याचा ट्रक जाणार, दुपारी मालाच्या ट्रॉल्या, संध्याकाळी मुले आणि काठी टेकत चालणारी माणसे, आणि एखाद्या रात्री अग्निशमन दलाचा बंब, हे मागे पडते. सगळ्यांत मागे राहतो तो देखभालीचा प्रश्न: दगड उखडला तर तो कुणी बसवायचा, आणि कुणाच्या पैशाने? इतिहास पाहिला तर क्रम नेमका उलटा दिसतो. जबाबदारी कुणाची हे आधी ठरले आणि त्यावरून खाली काय अंथरायचे हे ठरत गेले.

घर आणि दुकान एकाच ठिकाणी असणे ही शहरांची सर्वांत जुनी रीत आहे. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात रस्त्याला लागून दुकान, मागे किंवा वर बिऱ्हाड, अशीच वस्ती होती. तिथल्या रस्त्यांचा मधला भाग ज्वालामुखीच्या काळ्या खडकाच्या बहुकोनी चिऱ्यांचा आहे. दोन्ही बाजूंना उंच पदपथ आहेत. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड रोवलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये गाडीचे चाक जाईल एवढी वाट ठेवलेली आहे. पदपथावर नीट नजर टाकली तर तो दर काही पावलांवर बदलतो. एका दारासमोर चुन्यात विटांचा चुरा घालून केलेला गिलावा, पुढच्या दारासमोर नुसती चोपलेली माती. ज्याचे घर त्याचा पदपथ, आणि ज्याची जशी ऐपत तशी फरसबंदी.

इटलीतल्या हेराक्लेआ येथे सापडलेल्या कांस्यपटावर इ.स.पू. पहिल्या शतकातले रोम शहराचे नियम कोरलेले आहेत. घरमालकाने आपल्या घरासमोरचा रस्ता राखावा आणि लोकांना अडचण होईल असे पाणी साचू देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. मालकाने हयगय केली तर एडाइल हा अधिकारी ते काम ठेक्याने देई आणि खर्च मालकाच्या माथी मारी. त्याच पटावर दुसराही नियम आहे: सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत शहरात मालाच्या गाड्या आणायच्या नाहीत, देवळांच्या आणि सार्वजनिक बांधकामांच्या सामानाला तेवढी सूट. आजच्या संकुलात माल उतरवण्याच्या वेळा ठरवणारे व्यवस्थापक हेच करत असतात. जमीन किती टिकेल हे दगडाच्या कठीणपणाइतकेच या वेळापत्रकावरही अवलंबून असते, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना चांगले ठाऊक असावे.

चिरे झिजून खोल चाकोऱ्या पडल्या की संपूर्ण रस्ता उकरून नव्याने करणे खर्चाचे आणि वेळखाऊ. पाँपेईच्या रस्त्यांवर फटींत आणि चाकोऱ्यांत वितळलेले लोखंड ओतून दुरुस्ती केल्याच्या खुणा पुरातत्त्वज्ञांना सापडल्या आणि 2019 मध्ये त्यावरचे संशोधन प्रसिद्ध झाले. दुकानांचा रस्ता दीर्घकाळ बंद ठेवणे परवडत नाही, म्हणून जागच्या जागी ठिगळ लावायचे. आजही व्यापारी संकुलांत बहुतेक दुरुस्त्या याच घाईतून होतात.

प्रत्येकाने आपापल्या दारापुरते पाहण्याची रीत युरोपात पुढेही शतकानुशतके चालली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात 1762 च्या फरसबंदी कायद्याने ती मोडली. तोवर एका घरासमोर दगड उंच, शेजाऱ्याकडे बुटका, तिसरीकडे खड्डाच, आणि सगळे सांडपाणी रस्त्याच्या मधोमध. कायद्याने काम आयुक्तांकडे गेले, त्यासाठी कर बसला, आणि मग एकसलग पातळी, उंच कर्ब (पदपथाची दगडी कड) आणि कडेची गटारे शक्य झाली. यात दगडाचा शोध नवा नव्हता. नवीन होते ते सलग उतार धरण्याचा अधिकार एका हाती येणे. पाण्याला मालमत्तेच्या सीमा कळत नाहीत, त्यामुळे उताराचा निर्णय तुकड्यातुकड्यांनी घेतला की पाणी कुठेतरी तुंबणारच.

एकोणिसाव्या शतकात वाद जबाबदारीवरून सामग्रीवर आला. जॉन मॅकअ‍ॅडम या स्कॉटिश रस्तेबांधकाम तज्ज्ञाने दाखवले की खालची जमीन कोरडी राहिली तर लहान फोडलेल्या खडीचा थरही वाहतूक पेलतो. पण दुकानांच्या गजबजलेल्या गल्ल्यांत खडीची धूळ आणि चिखल होई. ग्रॅनाइटचे ठोकळे टिकत, मात्र लोखंडी धावांच्या चाकांचा खडखडाट असह्य होई. लंडनमध्ये आजारी माणसाच्या घरासमोर रस्त्यावर गवताचा पेंढा पसरत. आवाजावर उतारा म्हणून लाकडी ठोकळे आले. ते शांत होते, पण पाणी पिऊन फुगत, कुजत आणि घोड्यांच्या मुतामुळे घाण मारत. 1910 च्या महापुरात पॅरिसच्या रस्त्यांवरचे लाकडी ठोकळे तरंगत सुटले. पॅरिसमध्ये 1850 च्या दशकात दाबून बसवलेले अ‍ॅस्फाल्ट आले. ते गुळगुळीत, शांत आणि धुवायला सोपे, पण ओले झाले की घोडे घसरत.

मला या काळातली सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते की प्रत्येक सामग्रीबद्दलची तक्रार खरी होती आणि तक्रार करणारा वेगळा होता. रहिवाशाला शांतता हवी, गाडीवानाला पकड, दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या पायाला चिखल नको, झाडणाऱ्याला सांधे कमी हवेत. मिश्र वापराच्या जागी हे सगळे एकाच चौकोनावर येऊन उभे राहतात. सगळ्यांना खूश करणारा एकच दगड तेव्हा सापडला नाही, आजही नाही. म्हणून जिथे ट्रक वळतो तिथे एक आणि जिथे बाक आहे तिथे दुसरे, असे जागेनुसार वाटून घेणेच शहाणपणाचे.

आज जगभर दिसणाऱ्या काँक्रीटच्या ब्लॉकचा जन्म टंचाईतून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये घरे उभी करायला भाजक्या विटा लागत होत्या, आणि तिथले रस्ते परंपरेने विटांचेच. म्हणून रॉटरडॅमसारख्या उद्ध्वस्त शहरांत विटेच्या मापाचे काँक्रीटचे ब्लॉक वापरात आले. वाळूवर सुटे बसवण्याची पद्धत तिथल्या जमिनीला मानवणारी होती. जमीन भुसभुशीत आणि खचणारी, त्यामुळे पातळी दर काही वर्षांनी नीट करावी लागे. ब्लॉक उचलायचे, वाळू भरायची, तेच ब्लॉक पुन्हा बसवायचे. 1960 च्या दशकात जर्मनीत ते यंत्राने मोठ्या प्रमाणावर बनू लागले, एकमेकांत अडकणारे आकार आले आणि ते सर्वत्र पसरले.

त्यांचे खरे बळ दिसण्यात नाही, उघडता येण्यात आहे. संकुलाच्या पोटात पाण्याच्या, गॅसच्या, केबलच्या वाहिन्या असतात आणि त्यांच्यासाठी चर खोदावेच लागतात. सलग काँक्रीट फोडले की ठिगळ कायमचे दिसते. ब्लॉकच्या बाबतीत पहिला ब्लॉक काढायला कष्ट पडतात, पुढचे हाताने निघतात. मात्र बसवताना शिस्त लागते. चर थराथराने दाबून भरायचा, वर वाळूचा पातळ समतल थर, ब्लॉकमध्ये दोन ते पाच मिलिमीटरचा सांधा, सांध्यात कोरडी बारीक वाळू झाडून भरायची, कंपनयंत्र फिरवायचे आणि पुन्हा वाळू भरायची. एका ब्लॉकवरचा भार शेजारच्याकडे जातो तो या सांध्यातल्या वाळूमुळे. ती पावसाने किंवा धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने निघून गेली की ब्लॉक हलू लागतात, आणि दोष बिचाऱ्या ब्लॉकला दिला जातो. कडेची भक्कम धार नसेल तर अख्खी रचना हळूहळू सरकते.

मधल्या काळात शहरांनी वापर वेगळे केले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1926 मध्ये ओहायो राज्यातल्या युक्लिड गावाच्या खटल्यात जमिनीच्या वापराप्रमाणे विभाग पाडणे वैध ठरवले. मग घरे एकीकडे, कचेऱ्या दुसरीकडे, आणि मधल्या जमिनीला डांबर. परतीची वाट अनेक दिशांनी आली. कोपनहेगनच्या स्ट्रॉयेट रस्त्यावर 1962 मध्ये मोटारी बंद झाल्या. नेदरलँड्समध्ये कर्ब काढून माणसे आणि गाड्या एकाच पातळीवर आणणाऱ्या वस्तीरस्त्यांना 1976 मध्ये कायद्याचे रूप मिळाले. न्यूयॉर्कच्या 1961 च्या नियमावलीने मोकळा चौक देणाऱ्या विकासकाला जास्तीचे बांधकाम क्षेत्र दिले. त्यातून सर्वांसाठी खुल्या, पण खासगी मालकीच्या आणि खासगी देखभालीच्या जागा उभ्या राहिल्या. म्हणजे दगडाची जबाबदारी फिरून पुन्हा घरमालकाकडे आली. फरक इतकाच की आता मालक एक नसून दुकानांचे भाडेकरू, घरांची सोसायटी आणि कचेऱ्यांची कंपनी असे अनेक असतात.

भाराचे गणितही याच काळात हाती आले. 1958 ते 1960 मध्ये इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या, टोकाशी वळून परत येणाऱ्या रस्त्यांवर ट्रक अखंड फिरवून नुकसान मोजले गेले. अ‍ॅक्सलवरचे वजन दुप्पट झाले की नुकसान सुमारे सोळापट होते, हा ढोबळ नियम त्यातून निघाला. त्या हिशेबाने कचऱ्याच्या एका ट्रकची फेरी हजारो मोटारींच्या बरोबरीची. पादचाऱ्यांसाठी 60 मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो, वाहनांखाली 80 किंवा अधिक लागतो आणि तिथे रांगेत मांडणीपेक्षा तिरकस वीण चांगली टिकते. ‘ट्रक क्वचितच येईल’ या भरवशावर पातळ फरशी घातलेले चौक बरोबर ट्रकच्या वळणावर फुटलेले दिसतात. खाली वाहनतळाचा स्लॅब असेल तर आणखी एक गोष्ट आड येते: जलरोधक थर गळला की वरचे सगळे उचलावे लागते. तिथे चिकटवलेल्या फरशीपेक्षा टेकूंवर ठेवलेल्या सुट्या लाद्या कितीतरी बऱ्या.

घसरण मोजायलाही साधन आले. रबराची टाच लावलेला लंबक ओल्या पृष्ठभागावरून झुलवतात आणि घर्षणाने तो किती अडला ते वाचतात. ब्रिटिश पद्धतीत 36 किंवा त्याहून जास्त आकडा आला तर धोका कमी मानतात. हा आकडा नव्या दगडावर एकदा घेऊन भागत नाही. लिस्बनचे पांढरे-काळे चुनखडीचे पदपथ पायांनी घासून इतके गुळगुळीत होतात की पावसात जपून चालावे लागते. दृष्टिहीनांसाठी उठाव असलेल्या फरशा जपानच्या सेईइची मियाके यांनी 1965 मध्ये तयार केल्या आणि 1967 मध्ये ओकायामात त्या प्रथम बसल्या. त्यांचा पिवळा रंग शोभेला बाधतो म्हणून आसपासच्या दगडाच्याच रंगात त्या बसवणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांना अंधुक दिसते त्यांना तो रंगच वाट दाखवतो.

अलीकडचा अध्याय पाण्याचा आहे. 1970 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये पाणी झिरपू देणाऱ्या अ‍ॅस्फाल्टवर काम झाले, पुढे रुंद सांध्यांचे ब्लॉक आले. देखभालीचे द्रव्यही पाण्यात उतरते हेही कळले. वाहनतळांवर कोळशाच्या डांबराचा लेप देण्याची रीत होती. त्यातली घातक संयुगे ओढ्यांच्या गाळात सापडल्यावर टेक्सासमधील ऑस्टिनने 2006 पासून तो बंद केला. झिरपणारी जमीन पाणी मुरवते ती भोके मोकळी असेपर्यंतच. शेजारच्या कुंड्यांची माती, पालापाचोळा, बांधकामाची धूळ त्यांत बसते. ती ओढून घेणारे यंत्र ठराविक काळाने फिरवावे लागते आणि सांध्यांत बारीक वाळूऐवजी खडीच भरावी लागते. बांधणाऱ्याने संकुल सोसायटीच्या ताब्यात देताना हे लिहून दिले नाही, तर पहिल्याच दुरुस्तीत कुणीतरी सवयीने सांधे बारीक वाळूने बुजवतो. ताबा देतानाच्या कागदांत म्हणून तीन गोष्टी हव्यात: कुठल्या भागाखाली कोणते थर आहेत त्याचा नकाशा, कोणता भाग कुणाच्या खर्चाने राखायचा याची रेषा, आणि त्याच खेपेत तयार झालेले जास्तीचे ब्लॉक कुठल्या खोलीत ठेवले आहेत याची नोंद. रंग दोन-चार वर्षांत बंद होतात, आणि नंतर बसवलेला ब्लॉक लांबूनही ओळखू येतो.