एसएसडी मंदावली म्हणून डीफ्रॅग? अजिबात नको

कोल्हापुरात राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्तीला टाका, कुणीतरी अजूनही सांगतंच, "डीफ्रॅग मारा, पळायला लागेल." डीफ्रॅग म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एका जागी लावणं. हा सल्ला जुन्या हार्ड डिस्कचा. तिथं चकती मिनिटाला ५४०० फेरे घ्यायची आणि विखुरलेले तुकडे गोळा करायला डेटा वाचणारं हेड इकडून तिकडं धावायचं. एसएसडी डेटा फ्लॅश चिपांवर साठवते, तिच्यात फिरणारं काहीच नाही. डीफ्रॅगनं फुकटचं लिखाण तेवढं वाढतं, आणि फ्लॅशच्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात.

एसएसडी मंदावते ती बहुतेकदा गच्च भरल्यामुळं. फ्लॅशवर लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक, म्हणजे पेशींचा गठ्ठाच, पुसावा लागतो. मोकळी जागा नसली की ड्राइव्ह आतलाच डेटा हलवत बसते. मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला सुसाट, मग एकदम रडतखडत, हे त्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा लग्नाचे व्हिडिओ बाहेर हलवा, १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा. मग विंडोजमधलं 'ऑप्टिमाइझ' बटण खुशाल दाबा. विंडोज ८ पासून ते एसएसडी ओळखून ट्रिम पाठवतं, म्हणजे डिलीट केलेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे हे ड्राइव्हला कळवतं.

तरी फरक नाही? तापमान बघा. एनव्हीएमई, म्हणजे एसएसडीचा वेगवान प्रकार, तापली की स्वतःच वेग उतरवते. लॅपटॉप गादीवर ठेवणाऱ्यांनो, ऐकताय ना?