आयजीएम आणि आयजीजी: डेंग्यूच्या रिपोर्टमधल्या दोन ओळी

डेंग्यूचा रिपोर्ट आला की ‘आयजीएम’ आणि ‘आयजीजी’ या दोन ओळींपाशी बहुतेक जण अडतात. एक पॉझिटिव्ह, दुसरी निगेटिव्ह. मग डेंग्यू आहे की नाही? दोन्ही प्रथिनंच, दोन्ही जंतूंना पकडणारी प्रतिपिंडंच. कामाची वेळ आणि पद्धत मात्र वेगळी.

पहिल्यांदा संसर्ग झाला की आधी आयजीएम तयार होतं. पाच भाग एकत्र जोडलेला हा थोराड रेणू. त्याला जंतू धरायला १० टोकं असतात. एकेका टोकाची पकड सैल, पण दहांची मिळून भक्कम. रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनं काही जीवाणूंच्या आवरणाला भोकं पाडतात. त्यांना कामाला लावायला जंतूवर बसलेला आयजीएमचा एक रेणूही पुरतो. आयजीजीचे मात्र अनेक रेणू शेजारी शेजारी बसावे लागतात.

दरम्यान लसिका ग्रंथींमध्ये प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या टोकाचा आकार सुधारत असतात. त्यातून येणाऱ्या आयजीजीला दोनच टोकं, पण पकड नेमकी. रक्तातल्या प्रतिपिंडांपैकी सुमारे ७५ टक्के हेच असतं. आयजीएमचं प्रमाण साधारण ५ दिवसांत निम्म्यावर येतं, आयजीजीचं साधारण २१ दिवसांत.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वारेतला, म्हणजे प्लासेंटातला, फरक. आयजीजी लहान असल्यामुळे आईकडून बाळाकडे झिरपतं, असा समज आहे. खरं तर वारेच्या पेशींवरचा एक खास ग्राहक (रिसेप्टर) त्याला उचलून पलीकडे नेतो. आयजीएमला तो नेत नाही. म्हणून नवजात बाळाच्या रक्तात रुबेलाविरुद्धचं आयजीजी दिसलं तर ते आईचं असू शकतं. आयजीएम दिसलं तर बाळालाच संसर्ग झाल्याची दाट शंका घ्यावी लागते.

आता डेंग्यू. आयजीएम साधारण तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून सापडू लागतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं सरकारी तपासणीतलं किटही तेच शोधतं. पहिल्या एक-दोन दिवसांत ही चाचणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असं मानू नये. तेव्हा विषाणूचं स्वतःचं एनएस१ हे प्रथिन शोधतात. ‘आयजीएम म्हणजे आत्ताचा, आयजीजी म्हणजे जुना’ हे सूत्रही अर्धवटच आहे. आयजीएम दोन-तीन महिने टिकू शकतं. आणि दुसऱ्यांदा डेंग्यू झाला, तर आयजीजी झपाट्याने वाढतं, आयजीएम जेमतेम दिसतं किंवा दिसतच नाही.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धचं आयजीजी दुसऱ्या प्रकाराला चिकटतं, पण त्याला निकामी करतंच असं नाही. उलट विषाणूला पेशीत शिरायला या आयजीजीची मदत होऊ शकते. दुसरा डेंग्यू गंभीर होण्यामागे हे एक कारण मानलं जातं. आईकडून आलेलं आयजीजी ओसरत असतं त्या, म्हणजे साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या वयात, बाळांना पहिलाच डेंग्यू गंभीर होऊ शकतो, तोही याच कारणाने.