मोकळ्या जागेचा हिशेब : कोडची मांडणी आणि छपाई

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोन आणि मॅक या दोन्हींसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. सुरक्षित जोडणीची खातरजमा करणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली होती. पहिली ‘इफ’च्या अटीखाली होती. दुसरी कुठल्याच अटीखाली नव्हती, त्यामुळे ती दर वेळी चालायची आणि सही तपासण्याची पुढची पायरी गाळली जायची. दोन्ही ओळी डावीकडून सारख्याच आत सरकवलेल्या होत्या, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही अटीखालच्याच वाटत. सीचा कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, डावीकडची मोकळी जागा मोजतच नाही. माणूस मात्र आधी तीच बघतो.

त्या फाइलवर एखादा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्रॅम, चालवला असता, तर दुसरी ओळ एक पायरी डावीकडे आली असती आणि चूक उघडी पडली असती. २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ या सी कंपायलरमध्ये तर फसव्या इंडेंटेशनबद्दल, म्हणजे ओळी आत सरकवण्याबद्दल, इशारा देण्याची सोयच करण्यात आली.

मांडणी आणि छपाई यांतल्या बहुतेक गफलतींचे मूळ एकच असते. फाइलीत काय साठवले आहे, पडद्यावर काय दिसते आणि कागदावर काय उमटते या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच समजतो.

टॅबचेच घ्या. फाइलीत टॅब म्हणजे एकच अक्षर, क्रमांक ९. त्याला स्वतःची रुंदी नसते. ‘पुढच्या थांब्यापर्यंत जा’ एवढाच त्याचा अर्थ. हे थांबे पूर्वापार दर ८ रकान्यांवर मानले जातात, पण बरेच जण एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, ते ४ वर ठेवतात. आता तीन पायऱ्या आत गेलेली, ६६ अक्षरांची एक ओळ घ्या. पडद्यावर तिच्या आधी १२ रकाने रिकामे असतात आणि ओळ ७८ व्या रकान्यात संपते. छापणारा प्रोग्रॅम मात्र टॅब ८ चा धरतो, म्हणून आधी २४ रकाने सुटतात आणि तीच ओळ ९० वर पोचते. पान ८२ अक्षरांचे असेल तर शेवटची आठ अक्षरे एकतर खालच्या ओळीत पडतात किंवा नाहीशीच होतात. छापलेला कोड उजवीकडे सरकलेला दिसला की आधी टॅबची रुंदी तपासावी.

यावर उपाय दोन. छपाईच्या सेटिंगमध्ये टॅबची रुंदी एडिटरइतकी करणे, किंवा फाइलची प्रत काढून त्या प्रतीत सगळ्या टॅबच्या जागी स्पेस घालणे. प्रतच काढायची, कारण मूळ फाइलीत हा बदल सगळीकडे चालत नाही. मेकफाइलमध्ये, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधणाऱ्या ‘मेक’ या साधनाला सूचना देणाऱ्या फाइलीत, आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे स्पेस आल्या की मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसतो. पायथनची तऱ्हा वेगळी. तिथे इंडेंटेशन हाच व्याकरणाचा भाग आहे, आणि अर्थ टॅबच्या रुंदीवर अवलंबून राहील अशी टॅब-स्पेसची सरमिसळ पायथन ३ सरळ ‘टॅबएरर’ म्हणून नाकारते.

टॅब बरा की स्पेस, हा तंटा सुटणारा नाही. गो भाषेचा फॉरमॅटर टॅब वापरतो, पायथनची शैलीसंहिता ४ स्पेस सांगते आणि लिनक्स कर्नलमध्ये ८ रकान्यांचा टॅब असतो. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८३ मध्ये वेगवेगळ्या खोलीचे इंडेंटेशन तपासले, तेव्हा २ ते ४ स्पेस वाचायला सर्वांत सोयीच्या ठरल्या. २०१९ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून हाच प्रयोग पुन्हा केला गेला, तर लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा एका फाइलीत एकच पद्धत ठेवावी आणि वाद तिथेच सोडावा.

फॉरमॅटर आत काय करतो ते पाहण्यासारखे आहे. तो कोड वाचून त्याचा व्याकरण-वृक्ष बनवतो. कोणते विधान कोणत्या कंसात आणि कोणते आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेले मूल्य) कोणत्या फंक्शनचे, हे सगळे त्या झाडात येते. मग तुम्ही दिलेल्या बहुतेक स्पेस आणि ओळतोड टाकून देऊन तो ते झाड नव्याने मजकुरात उतरवतो. ओळ कुठे तोडायची याचा एक प्रसिद्ध अल्गोरिदम डेरेक ओपेन यांनी १९८० मध्ये मांडला. मजकुराचे एकात एक बसणारे गट करायचे. उरलेल्या रुंदीत गट मावला तर तो एका ओळीत लिहायचा. नाही मावला तर त्याच्या ठरलेल्या जागी ओळ तोडायची आणि आतल्या गटांना तोच प्रश्न विचारायचा. म्हणून पाच आर्ग्युमेंट देऊन फंक्शनला मारलेली हाक कधी एका ओळीत राहते, आणि एका नावात दोन अक्षरे वाढली की अचानक सात ओळींची होते.

सगळे फॉरमॅटर झाड बनवत नाहीत. सी आणि सी प्लस प्लससाठीचा क्लँग-फॉरमॅट मुख्यतः शब्दखुणांच्या, म्हणजे कोडमधल्या सुट्या शब्दांच्या आणि चिन्हांच्या, ओळीवर काम करतो. प्रत्येक संभाव्य ओळतोडीला तो दंडाचे गुण देतो आणि सर्वांत कमी दंडाचा मार्ग शोधतो. याचा फायदा असा की कोड अर्धवट असला तरी तो अडत नाही. झाडावर चालणाऱ्या फॉरमॅटरला मात्र एक कंस कमी पडला तरी काही करता येत नाही. ‘फॉरमॅट डॉक्युमेंट’ दाबूनही एडिटरमध्ये काहीच हलत नसेल, तर बहुधा फाइलीत व्याकरणाची चूक असते. टिपांचा, म्हणजे कॉमेंटचा, प्रश्न सर्वांनाच छळतो. त्या झाडाच्या कुठल्याच फांदीवर नसतात, तेव्हा प्रत्येक टीप कोणत्या विधानाला चिकटवायची याचा अंदाज बांधावा लागतो. ओळीच्या मधोमध घुसवलेली टीप भलतीकडे जाते ती यामुळेच.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये विंडोजवर शिफ्ट, ऑल्ट आणि एफ एकत्र दाबले की फाइल मांडली जाते. ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ चालू केले तर साठवताना आपोआप. एका भाषेसाठी दोन फॉरमॅटर बसवलेले असतील तर त्यातला एक ठरावीक म्हणून निवडून ठेवावा, नाहीतर एका सहकाऱ्याकडे एक आणि दुसऱ्याकडे दुसरा अशी फाइलीची ओढाताण चालू राहते. ‘एडिटरकॉन्फिग’ नावाची छोटी फाइल प्रकल्पाच्या मुळाशी ठेवली तर टॅब की स्पेस, रुंदी किती, ओळीचा शेवट कोणता हे वेगवेगळ्या एडिटरांना एकाच ठिकाणाहून कळते. तिच्यात ओळीअखेरच्या स्पेस छाटण्याचीही सोय आहे. मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकूर सजवण्याची पद्धत) फाइली त्यातून वगळाव्यात, कारण तिथे ओळीअखेरच्या दोन स्पेस म्हणजे ओळतोड.

फॉरमॅटरवर डोळे झाकून विसंबू नये अशा जागाही आहेत. जावास्क्रिप्टमध्ये ‘रिटर्न’नंतर ओळ तोडली की भाषा तिथेच अर्धविराम धरते आणि फंक्शन रिकाम्या हाताने परतते. चांगला फॉरमॅटर हे टाळतो, हाताने मांडणी करणारा माणूस चुकतो. अनेक ओळींच्या स्ट्रिंगला आत सरकवले तर त्या स्पेस मजकुराचाच भाग होतात. क्लँग-फॉरमॅट मांडणीबरोबर ‘इन्क्लूड’च्या, म्हणजे दुसरी फाइल (हेडर) आत घेणाऱ्या, ओळींचा क्रमही लावू शकतो. एक हेडर दुसऱ्याच्या आधीच यायला हवा असेल तर बांधणी मोडते. पायथनचा ब्लॅक हा फॉरमॅटर मांडणीच्या आधीचे आणि नंतरचे झाड ताडून पाहतो आणि फरक दिसला तर फाइलला हात लावत नाही. ही खबरदारी फार मोलाची आहे.

जुन्या प्रकल्पावर फॉरमॅटर पहिल्यांदा चालवताना तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातल्या एका नोंदीत, टाकावा. त्यात दुसरे काहीही मिसळू नये. नाहीतर हजार ओळींच्या नुसत्या सरकासरकीत तर्क बदललेली एक ओळ हरवते. शिवाय कोणती ओळ कोणी बदलली ते सांगणारी गिटची ‘ब्लेम’ ही आज्ञा प्रत्येक ओळीपुढे मांडणी करणाऱ्याचेच नाव दाखवू लागते. २०१९ च्या गिट २.२३ पासून अशा कमिटची यादी एका फाइलीत देऊन ‘ब्लेम’ला ती दुर्लक्षायला सांगता येते.

ओळीची लांबी किती, हाही फॉरमॅटरचाच प्रश्न, आणि त्याचे उत्तर १९२८ पासून चालत आले आहे. त्या वर्षी आयबीएमने ८० रकान्यांचे छिद्रित कार्ड आणले. फोर्ट्रानमध्ये विधान ७ ते ७२ या रकान्यांत लिहायचे. ७३ ते ८० मध्ये कार्डाचा अनुक्रमांक असे, म्हणजे कार्डांचा गठ्ठा हातातून सांडला तरी तो पुन्हा लावता येई. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवरही नेहमीची रुंदी ८० च होती. आज पायथनची संहिता ७९ म्हणते, ब्लॅक ८८ आणि जावास्क्रिप्टचा फॉरमॅटर प्रेटियर ८०. गोचा फॉरमॅटर मर्यादाच घालत नाही.

कागदावर मात्र मर्यादा असतेच, आणि ती आधी मोजता येते. कुरिअर फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी फॉन्टच्या आकाराच्या ०.६ पट असते. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद. डावीकडे भोके पाडायला २० आणि उजवीकडे १५ मिलिमीटर समास सोडला तर उरतात १७५ मिलिमीटर, म्हणजे ४९६ पॉइंट (पॉइंट हे छपाईचे माप, इंचाचा ७२ वा भाग). १० पॉइंटच्या फॉन्टमध्ये अक्षर ६ पॉइंटचे होते आणि ओळीत ८२ अक्षरे बसतात. ९ पॉइंटमध्ये ९१, तर ८ पॉइंटमध्ये १०३. ओळक्रमांक छापायचे असतील तर यातून सहाएक अक्षरे वजा करा. म्हणजे ८० रकान्यांच्या कोडला क्रमांकांसह ९ पॉइंट हे उभ्या पानावरचे बरे माप. वर-खाली २० मिलिमीटर सोडून आणि ओळीची उंची फॉन्टच्या १.२ पट धरून एका पानावर ६७ ओळी येतात. डोक्यावर फाइलचे नाव टाकले की ६५. आडव्या पानावर दोन स्तंभ करून कागद वाचवता येतो, पण १० मिलिमीटर मधली जागा धरली तर ८० अक्षरे आणि क्रमांक बसवायला फॉन्ट ७ पॉइंटच्याही खाली जातो. एकदा चाळण्यापुरते ठीक. पेनने खुणा करत तपासायचे असेल तर नको.

लांब ओळीचे काय होते हे छापण्याआधी प्रिव्ह्यूमध्ये बघावेच. काही प्रोग्रॅम ती खाली वळवतात, काही कडेला कापून टाकतात, आणि कापल्याची कसलीही खूण ठेवत नाहीत. खाली वळलेल्या तुकड्याला स्वतःचा ओळक्रमांक मिळता कामा नये, नाहीतर कागदावरची ‘ओळ २१४’ आणि फाइलमधली ‘ओळ २१४’ वेगळ्या होतात. पानाच्या डोक्यावर फाइलचे नाव, छापल्याची तारीख, एकूण पानांपैकी कितवे हे आणि जमल्यास कमिटचा क्रमांक असावा. आठवड्याने त्या कागदांची ओळख एवढ्यावरूनच पटते.

छपाईची सोय सगळ्या एडिटरांत सारखी नाही. मूळ व्हीएस कोडमध्ये छापायची आज्ञाच नाही, त्यासाठी एक्स्टेन्शन लागते. नोटपॅड प्लस प्लसच्या छपाईच्या पसंतींत ओळक्रमांकांची खूण आहे आणि रंगांचे चार पर्याय आहेत : पडद्यावर दिसते तसे, उलट रंगात, पांढऱ्यावर काळे, किंवा पार्श्वभूमीचा रंग वगळून. विममध्ये ‘हार्डकॉपी’ ही आज्ञा आहे, ईमॅक्स रंगांसह प्रिंटरला समजणारी पोस्टस्क्रिप्ट फाइल बनवतो, आणि एनस्क्रिप्ट किंवा ए-टू-पीएस ही कमांडलाइनवरची जुनी साधने दोन स्तंभांचे काम उत्तम करतात.

रंगांत मोठी मेख आहे. काळ्या पार्श्वभूमीवरची थीम ब्राउझरमधून छापली तर ब्राउझर सहसा पार्श्वभूमी छापत नाही, आणि पांढरट अक्षरे पांढऱ्या कागदावर दिसेनाशी होतात. छापताना उजळ थीमच घ्यावी. एकरंगी प्रिंटरवर आणखी घोटाळा. जुन्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेल्या सूत्रात उजेडाचा ३० टक्के वाटा लाल, ५९ टक्के हिरवा आणि ११ टक्के निळा धरतात. त्या हिशेबाने भडक लाल आणि निम्म्या तीव्रतेचा हिरवा यांचा करडा रंग जवळपास एकच होतो. पिवळा ८९ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास पांढरा. एकरंगी छपाईत रंगांऐवजी ठळक आणि तिरका ठसा वापरावा : राखीव शब्द ठळक, टिपा तिरक्या. अल्गोल ६० या जुन्या भाषेतले प्रोग्रॅम छापताना राखीव शब्द असेच ठळक करत.

छापलेली प्रत्येक ओळ जिथे आधीची संपली तिथून सुरू होऊन जिन्यासारखी उतरत गेली, तर दोष ओळीच्या शेवटात असतो. युनिक्सच्या फाइलीत ओळीअखेर फक्त अक्षर १० असते, ‘खाली जा’. डावीकडे परत आणणारे अक्षर १३ विंडोजच्या फाइलीत असते, इथे नसते. फाइल थेट प्रिंटरकडे ढकलली की तो शब्दशः तेवढेच करतो. एडिटरमधून ओळीचा शेवट बदलला की जिना सरळ होतो.

फॉन्ट निवडताना शून्य आणि ओ, तसेच एक, लहान एल आणि मोठा आय हे एकाखाली एक छापून पाहावेत. फिरा कोडसारखे फॉन्ट ‘बरोबर नाही’ची दोन चिन्हे जोडून एकच चिन्ह काढतात. पडद्यावर ते छान दिसते, पण कागदावरून कोड पुन्हा टाइप करणारा फसतो. टिपा देवनागरीत असतील तर एनस्क्रिप्ट, ए-टू-पीएस यांच्या वाटेला जाऊ नये. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि ही साधने दर बाइटला एक लॅटिन अक्षर समजून तीन तीन परकी चिन्हे उमटवतात. एचटीएमएल किंवा पीडीएफ बनवून छापणे हाच मार्ग. तिथेही जोडाक्षरांमुळे रकाने जुळणार नाहीत हे गृहीत धरावे.

कागदावरचा कोड परत यंत्रात न्यायचा असेल तर मोकळी जागा दिसणेही गरजेचे होते. १९९० च्या दशकात अमेरिकेत गूढलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर बंधने होती, छापील पुस्तकावर नव्हती. म्हणून पीजीपी या गूढलेखनाच्या प्रोग्रॅमचा पूर्ण कोड १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने पुस्तक म्हणून छापला. १९९७ मध्ये पाचव्या आवृत्तीचे छापील खंड युरोपात नेऊन स्कॅन केले गेले. ते खास त्याच कामासाठी मांडलेले होते. टॅबच्या जागी डोळ्यांना दिसणारे चिन्ह होते, लागोपाठच्या स्पेससाठी दुसरे, आणि प्रत्येक ओळीच्या आधी तिच्यातल्या अक्षरांवरून काढलेला चेकसम छापलेला होता. स्कॅनरने एक अक्षर जरी चुकीचे वाचले तरी ती ओळ नेमकी कोणती हे लगेच कळत असे.